ह्यांचा उजवा अंगठा

११ फेब्रुवारी

बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलंय, रोज काय घडलं ते लिहीत जा. कोणता शब्द निघाला, कशाला मान हलवली, सगळं. त्यावरून म्हणे त्यांना प्रगती कळते. तर लिहिते. आज ह्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला, ‘बशी’. पाणी हवं होतं तेव्हा बशी, खिडकी लावायची होती तेव्हा बशी, बाई जायला निघाल्या तेव्हाही डावा हात वर करून बशी. झाली नोंद. बाईंना हे वेगळ्या कागदावर लिहून देईन. ही वही माझी. दिवसभर दोन शब्द बोलायला मला दुसरं कुणी उरलेलं नाही.

डिसेंबरात हे पुढच्या खोलीत बाकावर काम करता करता कलंडले. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एका सकाळी गेली. दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, समजतं त्यांना सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. मला विचाराल तर काही समजतं आणि काही सोयीने समजत नाही. पण ते तसं आधीपासूनच होतं.

हे कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा पाठवतात, त्यात प्लास्टर ओतून आम्ही साचा काढतो, साच्यावर मेण चढवतो, मेणात दात बसवतो, आणि मग पुढचं सगळं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी प्लास्टर कालवते, घासते, पॉलिश करते. दात बसवणं मात्र ह्यांचं. तिथे मला हात लावू दिला नाही कधी. आता तेही मीच करते. इतकी वर्षं शेजारी उभी राहून बघितलंय, आंधळी नव्हते.

ह्यांच्या आजाराचं एकाही डॉक्टरला सांगितलेलं नाही. आजारी माणसाकडे काम कोण पाठवतं? एकदा दुसरीकडे वळले की परत वळत नाहीत. हे बरे होऊन बाकावर बसतील तेव्हा पुढ्यात काम नको का?

१३ फेब्रुवारी

कामं ह्यांच्या फोनवर येतात आणि फोन ह्यांच्या अंगठ्याने उघडतो. उजव्या. तो हात मांडीवर घडी करून ठेवलेल्या टॉवेलसारखा पडून असतो. मी तो उचलते, अंगठा ओल्या फडक्याने पुसते, फोनवर टेकवते. प्लास्टर आणि पॉलिशने रेषा पार झिजल्यात, त्यामुळे फोनला लगेच सापडत नाही, तीन-चारदा दाबावा लागतो. उघडला की हात परत मांडीवर. ह्यांना त्याचा काही त्रास नाही, त्या हाताला काही कळतच नाही.

मग मी ह्यांच्या नावाने उत्तरं लिहिते. ‘होईल.’ ‘गुरुवारी देतो.’ ‘दातांचा रंग कळवा.’ ह्यांची लिहायची तऱ्हा मला पाठ आहे, एका शब्दात भागत असेल तर दुसरा खर्च करायचा नाही. मी वर ‘धन्यवाद’ तरी घालते. एका डॉक्टरांनी उलट लिहिलं, अलीकडे फार गोड बोलायला लागलात. ते मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. सगळंच वाचून दाखवते, आलेलं आणि गेलेलं, म्हणजे आपण कामात आहोत असं त्यांना वाटावं. हे छताकडे बघत होते.

१६ फेब्रुवारी

आज माझ्या हातून एक घोळ झाला, पण निस्तरला.

डॉक्टरीणबाईंनी एका मास्तरांचं काम पाठवलंय. वरची-खालची पूर्ण कवळी. ह्या बाई आमच्या सगळ्यात जुन्या, ह्यांचा त्यांच्यावर फार जीव, त्यांचं काम आलं की हे बाकीचं बाजूला सारायचे. ठशाबरोबर त्यांनी चाव्याचं माप पाठवलं होतं. म्हणजे मेणाच्या दोन पट्ट्या पेशंटच्या तोंडात ठेवून त्याला तोंड मिटायला लावतात, त्यावरून आपल्याला कळतं की ह्या माणसाचा वरचा जबडा खालच्यावर नेमका कुठे आणि किती उंचीवर टेकतो. ते माप मी खिडकीत ठेवलं आणि ह्यांना अंघोळ घालायला गेले. परत आले तोवर उन्हाने मेण वितळून बसलं होतं.

पुन्हा माप मागायचं म्हणजे मास्तरांना पुन्हा बोलवा, बाईंचा फोन, बाई ह्यांच्याशीच बोलायचं म्हणणार. नकोच ते. जुन्या साच्यांवरून मला अंदाज आहे, माणसाचा चावा साधारण कुठे येतो. तसे साचे जबड्यासारख्या उघडमीट करणाऱ्या बिजागरीवर बसवले आणि दात लावले. दिसायला इतकी सुरेख झाली की मी ती पलंगाशी नेली.

ह्यांनी बराच वेळ बघितलं. मग डाव्या हाताचं बोट मागच्या दाढांवर ठेवलं आणि दाबलं. ‘बशी,’ म्हणाले. पुन्हा दाबलं. ‘बशी, बशी.’ आणि सगळं दूर ढकललं, मी धरलं नसतं तर साचे जमिनीवर. मला इतका राग आला. दिवसभर बाकावर वाकून पाठीचा काटा ढिला झाला माझ्या, आणि ह्यांचा हा हट्टीपणा. कौतुक नको, निदान तोंड वाकडं तरी करू नका. मग लक्षात आलं की तोंड वाकडंच आहे, त्याला ते तरी काय करणार. तशी मी जरा निवळले. अंगठा पुसला, टेकवला आणि लिहिलं, ‘मास्तरांचं परवा देतो.’

२२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंचा मेसेज. जसाच्या तसा उतरवून ठेवते.

‘मास्तरांना कवळी लागते आहे. बोलताना दात एकमेकांवर आपटतात. हिरडीला जखम झाली आहे, सध्या पातळ खाण्यावर आहेत. तुमचं काम असं कधीच नव्हतं. तुमच्या हाताला काय झालं?’

मी हे ह्यांना वाचून दाखवलं आणि माझं डोकंच फिरलं. नवी कवळी सगळ्यांनाच लागते. आयुष्यभर वर्गात बोलून मास्तरांचा जबडा सैल झाला असेल, त्याचा दोष आमच्यावर? ह्यांचा हात उचलला, अंगठा दाबला, पहिल्यांदा घेतला नाही तर जोरात दाबला, आणि लिहिलं, ‘हाताला काही झालेलं नाही. पेशंटला सवय करायला सांगा.’ तेही वाचून दाखवलं.

ह्यांच्या घशातून एक आवाज आला. बशी नाही, दुसराच, शब्द नसलेला. डाव्या हाताने चादर मुठीत धरली. पोटात दुखत असेल म्हणून औषध दिलं, ते त्यांनी थुंकलं. पायजमा बदलायला लागला. फोन चार्जिंगला त्यांच्या डाव्या उशाशी लावला आणि मी कपडे धुवायला गेले.

नंतर

फोन उघडत नाही.

अंगठा लावला. लिहून आलं, ‘फोन रीस्टार्ट झाल्यामुळे पासकोड आवश्यक आहे.’ अंगठा पुन्हा लावला. पुन्हा तेच. हात साबणाने धुतला, पुसला, कोरडा केला, लावला. पुन्हा तेच. आवश्यक आहे म्हणे. मला ह्या शब्दाचाच संताप आला. मघाशी हाच अंगठा चालत होता ना? माणूस तोच, हात तोच, फोन तोच, पलंग तोच. रात्री झोपून सकाळी उठल्यावर मी ह्यांना ‘ओळख दाखवा’ म्हणते का? एकदा ओळखलंस ना बाबा, मग झालं की. नुसता बंद होऊन चालू झाला तर एवढा शिष्टपणा?

आणि बंद तरी का झाला? मी केला नाही. चार्जर खराब असणार.

लेकीची जन्मतारीख घातली. नाही. लग्नाची तारीख. नाही. घराचा नंबर, ह्यांच्या बुटाचा नंबर दोनदा. मग फोन म्हणाला, फार वेळा चुकलात, थोड्या वेळाने प्रयत्न करा. माझ्याच घरात, माझ्याच नवऱ्याच्या फोनने मला कोपऱ्यात उभं केलं.

ह्यांना विचारलं, ‘अहो, आकडा काय?’ छताकडे बघितलं. बोटं नाचवून विचारलं, फोन तोंडासमोर धरून विचारलं. डोळे मिटून घेतले. म्हणजे शब्दांबरोबर आकडेही गेले. मला रडूच आलं, आणि रडताना फोनचा राग आणखी वाढला.

२४ फेब्रुवारी

नाक्यावरच्या फोनवाल्याकडे गेले. तो म्हणाला, सगळं पुसून नवा करून देतो. मी म्हटलं पुसायचं असतं तर मी फडकं घेऊन आले असते, मला आतलं हवंय. तो हसला आणि म्हणाला, आतलं काढता येत नाही, माझ्या बापाचा असता तरी आलं नसतं.

घरी येऊन माझ्या फोनवरून लेकीला लावला. ती दुसऱ्या गावी असते, ऑफिसात ह्याच गोष्टींशी तिचा संबंध येतो. तिच्यावरच भडकले आधी, की तुमच्या लोकांनी हे कसलं खूळ काढलंय. जिवंत माणसाचं बोट चालत नाही आणि चार आकडे चालतात?

ती म्हणाली, ‘आई, अंगठा ही किल्ली नाहीच मुळी. फोनमधलं सगळं कुलपात असतं आणि त्या कुलपाची किल्ली आकड्यातून तयार होते. फोन चालू झाल्यावर बाबांनी एकदा आकडा घातला की फोन किल्ली बनवतो आणि खिशात ठेवतो. मग पुढे अंगठा दिसला की त्याला ओळख पटते, खिशातली किल्ली काढून तो दार उघडतो. बंद झाला की खिसा रिकामा. आता ओळख पटली तरी उघडणार कशाने?’

मी म्हटलं, मग अंगठ्यातूनच किल्ली बनवायची, आकडा कशाला? तर म्हणे अंगठा दर वेळी जरा वेगळा टेकतो, तिरका, ओला, झिजलेला. साधारण जुळला की फोन हो म्हणतो. किल्लीला साधारण चालत नाही, तंतोतंत लागतं. म्हणून नावं दिसत नाहीत का, मी विचारलं, कारण परवापासून ह्यांचा फोन वाजला की नुसता नंबर येतोय. हो म्हणाली, नावंही आत कुलपात. नवे फोन तर मधून मधून एरवीही आकडा मागतात, हा जुना म्हणून इतके दिवस निभावलं.

‘आणि आई, आणखी एक,’ ती म्हणाली. ‘कुणी कुणाचा हात धरून फोन उघडू नये, हाही त्यात हेतू असतो.’

मी म्हटलं चोरांसाठी असेल तो. मी काय चोर आहे?

तिने विचारलं, ‘अंगठा लावताना बाबांना विचारायचीस का?’

काय विचारायचं? बायको आहे मी त्यांची. तोंडात घास घालताना विचारत नाही, अंघोळ घालताना विचारत नाही, अंगठ्याचं काय मोठं सोनं लागलंय? मी फोन ठेवून दिला. ठेवायच्या आधी ती म्हणत होती की फोन असा आपोआप सहसा बंद होत नाही, बाजूचं बटण बराच वेळ दाबून धरावं लागतं. सहसा म्हणजे काय? चार्जरचं मी तिला सांगितलंच होतं.

२७ फेब्रुवारी

बोलणं शिकवणाऱ्या बाईंना मी आकड्यांचं सांगितलं. मला वाटलं त्या हळहळतील. त्यांनी पिशवीतून पत्त्यांसारखे आकड्यांचे तुकडे काढले आणि पलंगावर मांडले. ह्यांना म्हणाल्या, घराचा नंबर दाखवा. ह्यांनी डाव्या हाताने बरोबर तुकडे उचलले. मुलगी कोणत्या साली झाली? बरोबर. बुटाचा नंबर? बरोबर, आणि माझ्याकडे बघितलं. मी दोनदा चुकीचा घातला होता तो. वहाणेचा आणि बुटाचा वेगळा असतो म्हणे.

मी आनंदाने टाळीच वाजवली. आणि टाळी वाजवता वाजवताच माझ्या ध्यानात आलं, म्हणजे आकडे शाबूत आहेत. म्हणजे फोनचाही आकडा आहे तिथे, त्या डोक्यात, आणि पाच दिवस मी ह्यांच्यासमोर रडतेय, डोकं आपटतेय, आणि हे छत मोजत पडलेत.

बाईंना दारापर्यंत सोडायला गेले आणि सगळं ओकले. त्या चपला घालता घालता म्हणाल्या, ‘आठवत नाही आणि सांगत नाही, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही त्यांना हो किंवा नाही असं उत्तर येईल असं विचारत जा. आणि नाही आलं तर नाही घ्या.’

नाही घ्या. किती सोपं आहे बाईंना सांगायला. त्या तासभर येतात.

२८ फेब्रुवारी

फोन वाजला. नाव नाही, नुसता नंबर. चुकून उचलला आणि पलीकडे डॉक्टरीणबाई. ह्यांना फोन द्या म्हणाल्या. बाहेर गेलेत म्हटलं. हे इथे पलंगावर, माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि माझ्या तोंडाकडे बघतायत. मी पाठ फिरवून उरलेलं बोलले.

बाई रागात नव्हत्या, ते जास्त वाईट. म्हणाल्या, साचा अगदी बरोबर आहे, कवळी तोंडात नीट बसते, पण चावा चुकलाय. मेणाचं माप वापरलं ना त्यांनी? मी म्हटलं वापरलं असेलच. तर बाई म्हणाल्या, ‘मी नवीन होते तेव्हा तुमच्या यजमानांनीच मला परत पाठवलं होतं. मी एकदा चावा अंदाजाने लावून दिला होता. ते म्हणाले होते, ठसा झोपलेल्या माणसाचाही घेता येतो, चावा मात्र त्याचा त्यालाच मिटावा लागतो. तो आपण त्याच्या वतीने मिटायचा नाही. म्हणून मला पटत नाही की त्यांनी असं केलं असेल.’

मला माझा धंदा शिकवते. फोन ठेवून मी बाकाशी जाऊन बसले. प्लास्टर कालवायला घेतलं आणि तसंच भांड्यात घट्ट होऊ दिलं, भांडं फोडून काढावं लागलं. असं लग्नानंतर पहिल्या महिन्यात एकदा झालं होतं.

ह्यांना रोज मोठ्याने वाचून दाखवायचे ना मी. ‘हाताला काही झालेलं नाही.’ हेही दाखवलं वाचून.

१ मार्च

आज विचारलं. चहा झाल्यावर, खुर्ची पलंगाशी ओढून, बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं तसं.

‘अहो, फोन तुम्ही बंद केलात?’

मान हलली. होय. अगदी स्वच्छ, इतके दिवस मी जिची वाट बघत होते तशी.

‘मुद्दाम?’ होय.

‘आकडा माहीत आहे?’ होय.

‘मला सांगाल?’

नाही.

मग मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही, भिंतींनी ऐकलंय तेवढं पुरे. कोण पुसतं तुम्हाला, कोण भरवतं, बाकावर कुणाची कंबर मोडते, कुणासाठी? तुमचं नाव राहावं म्हणून. आणि तुम्ही मला माझ्याच घरात दाराबाहेर ठेवता? त्या मेल्या हातानेच खरा संसार केला माझ्याशी दोन महिने, ह्या चालत्या हाताने घात केला. असंही बोलले. बोलल्याचं वाईट वाटतंय, पण राग खोटा नव्हता.

हे सगळं ऐकत होते. छताकडे नाही, माझ्याकडे. मग डावा हात पुढे केला, तळवा वर. फोन मागत होते.

दिला. त्यांनी तो छातीशी धरला, पडदा माझ्याकडे दिसणार नाही असा, आणि डाव्या अंगठ्याने एक एक आकडा दाबला. फार वेळ लागला. मध्ये एकदा चुकले, पुन्हा सुरू केलं. टक् झालं आणि उघडला. माझा हात आपोआप पुढे गेला. त्यांनी फोन काढून घेतला. झटक्यानंतर पहिल्यांदा माझ्यापासून त्यांनी काहीतरी काढून घेतलं आणि मला ते घेता आलं नाही.

मग त्यांनी कॅमेरा उघडला. मला कळेना काय चाललंय. फोन उशीला टेकवून ठेवला, डाव्या हाताने उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि छातीवर आणून ठेवला, बोटं वळलेली दिसतील असा. तोंड समोर केलं. वाकडं, लाळ आलेलं, दाढी मी परवा केलेली. आणि फोटो काढला.

तेव्हा मला समजलं. मी म्हटलं, ‘अहो, नका. सगळे जातील.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘बशी,’ म्हणाले, हळू, समजूत घातल्यासारखं. आणि डॉक्टरीणबाईंना फोटो पाठवून दिला. ‘तुमच्या हाताला काय झालं?’ ह्याच्या आणि माझ्या उत्तराच्या बरोबर खाली. मग दुसऱ्या डॉक्टरांना, मग तिसऱ्या. मी हिसकावून घेऊ शकले असते. डाव्या हातात अजून तेवढी ताकद नाही. बसून राहिले आणि प्रत्येक वेळी मनात म्हणत गेले, गेलं हे काम, गेलं तेही.

२ मार्च

दोन डॉक्टरांनी ‘काळजी घ्या’ लिहून आपले ठसे परत मागवले. माणूस पाठवून नेलेही. मी म्हटलंच होतं. एकाने काहीच लिहिलं नाही. ‘फार गोड बोलायला लागलात’ म्हणणारे फोनवर मला म्हणाले, मला संशय आलाच होता, ते धन्यवाद म्हणणारे नव्हेत.

ह्यांना वाचून दाखवलं. ह्या खेपेला त्यांनी फोन स्वतः उघडून माझ्या हातात दिला होता. पडदा छातीशी धरूनच उघडला. आकडा अजून मला सांगितलेला नाही. नका सांगू.

४ मार्च

डॉक्टरीणबाई घरी आल्या, मास्तरांना घेऊन. मास्तर गालफडं बसलेले, कवळी रुमालात बांधून आणलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी मला बाजूला घेऊन काही विचारण्याआधी मीच सांगितलं, मेण उन्हात मी ठेवलं आणि अंदाज मी लावला, ह्यांनी बोट दाबून मला सांगितलं होतं, मी बशी ऐकलं. बाई म्हणाल्या, असं दाढेवर दाबलं होतं? आणि बोट दाबून दाखवलं. हो, तसंच. उंची जास्त झाली आहे असं सांगत होते ते, म्हणाल्या. मला काय माहीत. म्हणजे मला माहीत असायला हवं होतं.

चाव्याचं माप पलंगाशीच घेतलं. मी मेण ऊन पाण्यात मऊ करून दिलं, बाईंनी पट्ट्या मास्तरांच्या तोंडात ठेवल्या. ह्यांनी डाव्या हाताचं बोट मास्तरांच्या हनुवटीखाली धरलं, नुसतं टेकवलेलं. बाई म्हणाल्या मिटा. मास्तर घाईने मिटायला गेले तर ह्यांनी बोट काढलं आणि मान हलवली. नाही. मास्तर थांबले. श्वास घेतला, खांदे सोडले आणि आपले आपण सावकाश मिटले. ह्यांनी मान हलवली. होय.

मास्तर जाताना म्हणाले, इतकी वर्षं मुलांना तोंड मिटा म्हणत आलो, स्वतः कसं मिटायचं ते आज कळलं. मी हसले, आणि मग आत जाऊन थोडं रडले.

बाई त्यांचं काम इथेच ठेवणार आहेत. अट एकच, साचा बिजागरीवर चढला की ह्यांनी बघून होय म्हणेपर्यंत दात लावायचे नाहीत. मी म्हटलं, आणि नाही म्हणाले तर? तर पुन्हा, बाई म्हणाल्या. आता दिवसाचे तीन साचे होणार नाहीत, एक झाला तरी खूप. आणि फोनवर माझा राग अजून आहेच. ज्याने कुणी ही ‘आवश्यक’ची भानगड काढली त्याला एक दिवस प्लास्टर कालवायला बसवलं पाहिजे.

७ मार्च

बोलणं शिकवणाऱ्या बाईंच्या कागदासाठी: आज एक नवा शब्द निघाला. ‘नको.’

माझ्यासाठी: ह्यांची नखं वाढलीत. दर पंधरवड्याला मी उजवा हात उचलून मांडीवर घेते आणि कापून टाकते, ते डुलकीत असले तरी. आज कातर घेऊन बसले, हात उचलला, आणि परत ठेवला.

‘नखं कापू का?’ मी विचारलं.

त्यांनी विचार केला. खरंच केला, मी बघत होते. मग म्हणाले, ‘नको.’

कातर डब्यात ठेवली. ती नखं बघवत नाहीत मला. उद्या पुन्हा विचारीन.